आघाडी, युती की कडबोळं?

तळटीप:
न्यूझीलंडच्या निवडणुकांवरचा लेख भाषांतरित करतेय. १९९६ पासून तिथे प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, त्यामुळे पानोपानी कोअॅलिशन. मी सरसकट 'आघाडी' लिहीत होते. १९९९ शी येऊन अडले. तिथे अलायन्स नावाचा पक्षच होता, तोही छोट्या पक्षांची मोट, आणि त्याने लेबर पक्षाबरोबर सरकार केलं. म्हणजे 'आघाडीची लेबरशी आघाडी'? वर 'मतमोजणीत लेबर आघाडीवर' आहेच. काय करू?

घाटमाथा:
सोपंय. निकालाआधी जमते ती युती, नंतर जुळते ती आघाडी. आपली १९९५ ची युती, १९९९ ची आघाडी.

रात्रपाळी:
२००४ ला काँग्रेस-राष्ट्रवादी आधीच एकत्र लढले, तरी आघाडीच. नियम कसला, दुकानाच्या पाट्या आहेत या. सेना-भाजपने एक शब्द उचलला, उरलेला समोरच्यांना.

कोरा कागद:
युती मुळात पंचांगातली. गुरू-शनी युती: दिसतात शेजारी, असतात कोट्यवधी किलोमीटर लांब. याहून नेमका शब्द मिळेल? आणि ग्रह सूर्यासमोर आला की प्रतियुती. विरोधी पक्षाची सोय झाली.

घाटमाथा:
आघाडी म्हणजे फौजेची पुढची फळी, पिछाडीच्या उलट. आमचे आजोबा घोड्याच्या मागच्या पायांच्या दोरीला पिछाडी म्हणायचे. यात एकत्र येणं कुठे आलं? फ्रंटची नक्कल आहे ती. 'संमिश्र सरकार' लिहा.

रात्रपाळी:
संमिश्र फक्त अग्रलेखात. शरद पवारांच्या पुलोद सरकारच्या वेळी, १९७८ ला, वडील कडबोळंच म्हणायचे. दोन टोकं दाबून जुळवायची, तळताना सुटतात.

तळटीप:
बरं, थ्रेशोल्डला 'उंबरठा' चालेल? ५ टक्के मतं किंवा एखादा मतदारसंघ, नाहीतर यादीतून जागा नाही.

कोरा कागद:
उंबरठा चालेल, ओलांडता येतो. पण 'प्रमाणशीर' काढा. प्रमाणशीर म्हणजे बेताचं, जसं आमटीतलं मीठ. 'प्रमाणानुसारी' करा.

रात्रपाळी:
राज्यसभा, विधान परिषद, राष्ट्रपती, सगळीकडे प्रमाणशीरच रुळलंय. आणि मीठ चुकीचं कसं? १९८१ ला तिथे सोशल क्रेडिट पक्षाला २० टक्क्यांवर मतं नि जागा दोन. आपल्याकडे २०१४ ला बसपला ४ टक्क्यांवर मतं, जागा शून्य. याला अळणीच म्हणतात.

तळटीप:
मंडळी, अलायन्सचं काय? लेख उद्या द्यायचाय.

घाटमाथा:
कडबोळं तळताना सुटतं ते मोहन जास्त झालं म्हणून. टोकांचा दोष नाही.