पिचरचं ऐकायचं की हिशोबाचं? बेसबॉलवेड्यांचा अनुभव धागा

नमस्कार मंडळी. 1 नोव्हेंबर 2025 ला टोरांटो आणि डॉजर्सचा वर्ल्ड सिरीजचा (बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सातवा, निर्णायक सामना नेहमीच्या नऊऐवजी अकरा इनिंग चालला. इथे शिकागोत रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दोन्हीपैकी एकही टीम आमची नाही, तरी आम्हा नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलं. डॉजर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) यामामोटोने आदल्याच रात्री 96 चेंडू टाकले होते, त्याला परत आणायला नको होतं, असं नवऱ्याचं म्हणणं. मी म्हणत होते, तो स्वतः तयार आहे तर मॅनेजरने (टीमच्या मुख्य प्रशिक्षकाने) का अडवावं? यामामोटोने आणखी 34 चेंडू टाकले आणि डॉजर्स 5-4 जिंकले. पण त्यामुळे माझं म्हणणं खरं ठरलं असं मला वाटत नाही. शेवटच्या चेंडूवर टोरांटोच्या किर्कची बॅट मोडली नसती तर आज सगळे उलटं बोलत असते.

या खेळात नवीन असणाऱ्यांसाठी एक सांगते. क्रिकेटमध्ये बोलरला चार ओव्हर विश्रांती देऊन परत आणता येतं. इथे काढलेला पिचर त्या सामन्यात पुन्हा टाकायला येत नाही. म्हणून मॅनेजर माउंडकडे (पिचर उभा असतो त्या उंचवट्याकडे) चालत निघाला की छातीत धस्स होतं.

तर तुमच्या टीमच्या बाबतीतला असा एक निर्णय लिहा. कुठे बसून पाहिलात, तेव्हा काय वाटलं आणि आज काय वाटतं? दुसऱ्यांच्या टीमला नावं ठेवायला मात्र हा धागा नको.

बॉस्टन

2003 च्या ऑगस्टमध्ये मी एमएस करायला आलो. ऑलस्टनला तीन खोल्यांत आम्ही पाच पोरं राहायचो. खाली घरमालक एकटेच, सत्तरी ओलांडलेले. बेसबॉल मला त्यांनी शिकवला. ते टीव्हीचा आवाज बंद ठेवायचे आणि समालोचन ट्रान्झिस्टरवर ऐकायचे.

16 ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीतला, आमच्या रेड सॉक्सचा यांकीजविरुद्धचा सातवा सामना आम्ही पाचही जण त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पाहत होतो. सातवी इनिंग संपवून आमचा पिचर पेड्रो मार्टिनेझने आभाळाकडे बोट केलं, सहकाऱ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. मालक म्हणाले, झालं याचं काम. शंभर चेंडू टाकून झाले होते आणि शंभरीनंतरचा पेड्रो वेगळा असतो, हे बॉस्टनमधल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. तेवढ्यात आमच्या ऑर्टिझने होमरन (सिक्सरसारखा मैदानाबाहेरचा फटका) मारला, 5-2. विजयाला सहा गडी हवे होते.

आठव्या इनिंगला पेड्रोच परत आला. पहिला गडी झेलबाद. मग यांकीजच्या जीटरचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), बर्नी विल्यम्सचा फटका, 5-3. मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर गेले, पेड्रोशी बोलले आणि एकटेच परत फिरले. मालकांचा हात रेडिओच्या बटणावर होता, तो तिथेच थिजला. मात्सुईचा डबल. मग पोसाडाचा जेमतेम उडालेला चेंडू सेंटरमध्ये कुणाच्याच हाती न लागता पडला आणि दोघं धावा काढून गेले. 5-5. तेव्हा कुठे पेड्रो बाहेर आला, 123 चेंडूंनंतर. अकराव्या इनिंगला यांकीजच्या ॲरन बूनने आमच्या वेकफिल्डला होमरन मारला. मालकांनी रेडिओ बंद केला. टीव्ही तसाच चालू, त्यात यांकीज उड्या मारतायत आणि खोलीत चिडीचूप.

लिटल यांनी पेड्रोला विचारलं आणि तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? असा पिचर नाही म्हणेल कधी? बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या जागेत) एम्ब्री आणि टिमलिन महिनाभर सुरेख टाकत होते. जो प्रश्न मॅनेजरने स्वतःला विचारायचा, तो पिचरला विचारला गेला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. लिटल यांचा करार पुढे वाढवला नाही. पुढच्या वर्षी त्याच यांकीजविरुद्ध 0-3 मागे असताना सलग चार सामने काढून रेड सॉक्स पुढे गेले आणि त्यांनी 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. मालक दुसऱ्या दिवशी टोपी घेऊन वडिलांच्या थडग्यावर गेले. मला गाडी चालवायला घेऊन गेले होते. येताना टोपी नव्हती.

टँपा

वरचं वाचून लिहितोय, कारण माझं दुखणं बरोबर उलटं आहे. आमच्या पिचरला कुणी विचारलंच नाही.

2020 साली आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली आणि लॉकडाऊनमुळे अडकली. त्या वर्षी मोसम जेमतेम 60 सामन्यांचा. रोज संध्याकाळी तिला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती माझ्याबरोबर रेज (आमची टँपाची टीम) बघायला लागली. ऑक्टोबरपर्यंत तिला कर्व्हबॉल (वळणारा चेंडू) ओळखू यायला लागला होता.

27 ऑक्टोबर, डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. आमच्या ब्लेक स्नेलने सव्वापाच-साडेपाच इनिंगांत नऊ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं होतं. डॉजर्सचे पहिले तीन फलंदाज सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट. चेंडू फक्त 73. आम्ही 1-0 पुढे. बार्न्सचा एक साधा फटका गेला आणि आमचे मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून (टीमच्या बाकांच्या जागेतून) निघाले. स्नेलने मान हलवली, ते सगळ्या जगाने पाहिलं. आई सोफ्यावर पुढे सरकली. "अरे, चांगला टाकत होता की रे, दमलाय कुठे?" आत आला निक अँडरसन, ज्याचा तो महिना वाईट चालला होता. बेट्सचा डबल, मग वाइल्ड पिच (झेलणाऱ्याच्या हातून निसटलेला चेंडू), मग सीगरचा जमिनीवरून गेलेला फटका, 2-1. शेवटी 3-1 ने गेलो.

मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस आहे. तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की त्याला पिचरचा हात कळलेला असतो आणि फटके वाढतात, हे खोटं नाही. स्नेलने त्या मोसमात एकदाही सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. याच हिशोबाने कमी पैशातली आमची टीम तिथवर पोचली होती आणि कॅश यांना त्या वर्षी सर्वोत्तम मॅनेजरचा मान मिळाला, तोही याच पद्धतीसाठी. म्हणून मी आठवडाभर आईशी वाद घातला. पण हिशोब हजार सामन्यांचा असतो आणि माउंडवर त्या रात्रीचा एक माणूस उभा असतो. त्याचा चेंडू त्या रात्री कसा वळतोय, हे आईला दिसत होतं. मला पाच वर्षांनी कबूल करावंसं वाटतं की ती बरोबर होती.

बाल्टिमोर

थोडक्यात लिहितो, जास्त लिहवत नाही. 4 ऑक्टोबर 2016, टोरांटोत एकच सामना, हरला तो बाहेर. आमचा क्लोजर (आघाडी राखायला शेवटी येणारा पिचर) झॅक ब्रिटन त्या मोसमात 47 पैकी 47 वेळा सामना राखून आलेला. अकराव्या इनिंगपर्यंत तो बुलपेनमध्येच. मॅनेजर बक शोवॉल्टर त्याला आघाडी मिळेल तेव्हासाठी राखून ठेवत होते. आघाडी आलीच नाही. टोरांटोच्या एन्कार्नासिओनने होमरन मारला, 5-2. ठेवणीतला शालू ठेवणीतच राहिला.

क्वीन्स, न्यू यॉर्क

मी रात्रपाळीची नर्स. मेट्सचा 2015 चा मोसम मी वॉर्डातल्या पेशंटांबरोबर जगले. आमचा पिचर मॅट हार्वेचं कोपराचं ऑपरेशन झालेलं, 2014 चा अख्खा मोसम त्याने घरी काढलेला. सप्टेंबरमध्ये त्याच्या एजंटने 180 इनिंगांच्या मर्यादेचा विषय काढला आणि शहर दोन तटांत फाटलं. एक म्हणे करार झालाय तर टाकायलाच हवं, दुसरा म्हणे पोराच्या हाताचं काय? मी दुसऱ्या तटात. कोपराची ऑपरेशनं करून आलेली माणसं मी रोज बघते. सहा महिन्यांनी दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नसतं.

1 नोव्हेंबरला कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात त्याने आठ इनिंग एकही धाव दिली नाही. आम्ही 2-0 पुढे. मॅनेजर टेरी कॉलिन्स त्याला काढणार होते. हार्वे डगआउटमध्ये त्यांच्यासमोर उभा राहून नाही म्हणाला, मैदानातले लोक त्याच्या नावाने ओरडत होते, आणि कॉलिन्स नमले. नववीत आधी वॉक (चार खराब चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट पहिला बेस), मग हॉस्मरचा डबल, 2-1. मग आमचा क्लोजर फॅमिलिया आला, तोवर उशीर झाला होता. हॉस्मर बेधडक होमकडे पळाला, आमच्या डूडाचा थ्रो बाहेर गेला, बरोबरी. बाराव्या इनिंगला रॉयल्सने पाच धावा काढल्या. हार्वेच्या त्या वर्षात प्लेऑफसकट (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या धरून) 216 इनिंग झाल्या. पुढच्याच वर्षी खांद्याचं ऑपरेशन.

कॉलिन्स यांनी दोष स्वतःवर घेतला. मला त्यांचा राग येत नाही. पुढ्यातलं माणूस डोळ्यात डोळे घालून "मी ठीक आहे" म्हणतं तेव्हा त्याला नाही म्हणणं किती अवघड असतं, हे मला माहीत आहे. रोज म्हणावं लागतं.

सॅन होजे

एक तरी गोड आठवण असू दे. आमच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा 2014 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, कॅन्सस सिटीत. आमचा पिचर बमगार्नरने तीन दिवसांपूर्वी पाचव्या सामन्यात पूर्ण नऊ इनिंग टाकल्या होत्या, 117 चेंडू. मॅनेजर ब्रूस बोची यांनी त्याला पाचव्या इनिंगला आणलं तेव्हा मित्र म्हणाला, दोन इनिंग टाकेल फार तर. सहावी, सातवी, आठवी, प्रत्येक वेळी आम्ही बुलपेनकडे बघायचो, कुणी निघत नव्हतं. पाच इनिंग, 68 चेंडू, शून्य धावा, 3-2 ने जिंकलो. नववीत दोन बाद असताना रॉयल्सच्या गॉर्डनचा फटका आमच्या हातून सुटून भिंतीकडे गेला आणि तो तिसऱ्या बेसवर पोचला. त्या क्षणी फसलं असतं तर बोची आज या धाग्यावर लिटल यांच्या शेजारी बसले असते. बोची त्याला वर्षानुवर्षं ओळखत होते. मला वाटतं ऐकायचं की नाही यापेक्षा किती ओळखता हे मोठं.

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन

जखम ताजी आहे. 20 ऑक्टोबर 2025, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीतला टोरांटोविरुद्धचा सातवा सामना, सातवी इनिंग, आमचे मरिनर्स 3-1 पुढे. वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेली टीम आठ गडी लांब. दोन धावपटू बेसवर आणि समोर टोरांटोचा स्प्रिंगर. आमचा सगळ्यात भरवशाचा पिचर मुन्योस बुलपेनमध्ये, पण मॅनेजर डॅन विल्सन यांनी बझार्डोला आणलं. होमरन, 4-3. मुन्योस पुढच्या इनिंगला आला. बाल्टिमोरकरांनी शालू लिहिलंय, ते वाचून पोटात कालवलं. आग लागलेली सातव्या इनिंगला, बंब नवव्यासाठी राखलेला. ऑफिसातला माझा जोडीदार बावीस वर्षं या टीममागे आहे. तो दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

मिसिसागा

बेलव्ह्यूकर, तो स्प्रिंगरचा होमरन आम्ही टोरांटोवाल्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये दिवाळीच्या फराळावर पाहिला. चकलीचं ताट उलटलं, कुणी उचललं नाही. तुमच्या वेदनेवर आमचा आनंद उभा होता, हे कळतं. बारा दिवसांनी डॉजर्सपुढे आमचीही तीच गत झाली.

आमचे मॅनेजर जॉन श्नायडर यांच्याबद्दल मला लिहायचंय. 2023 ला मिनेसोटात आमचा पिचर होजे बेरिओसला त्यांनी चौथ्या इनिंगच्या सुरुवातीला काढलं, 47 चेंडूंवर, एकही धाव दिलेली नसताना. डावखुरा किकुची आणायचं आधीच ठरलेलं होतं. दोन धावा गेल्या, 2-0 ने हरलो, मोसम संपला. त्या हिवाळ्यात मी रोज त्यांना शिव्या दिल्या. माझ्या मुलाला तर वाटायचं श्नायडर हा शब्दच शिवी आहे. तोच माणूस दोन वर्षांनी आम्हाला 1993 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला घेऊन गेला. वाटेत सिअ‍ॅटलच्या पाचव्या सामन्यात 2-1 पुढे असताना त्यांनी पिचर ब्रेंडन लिटलला आणलं, मरिनर्सच्या कॅल रॅलीने होमरन मारला, मग सुआरेझचा ग्रँड स्लॅम (चार धावांचा होमरन). मी परत शिव्या दिल्या. मग दोन सामने जिंकलो. माझं मत आता इतकंच की मॅनेजर बदलला नाही, मी दर तीन दिवसांनी बदलत होतो. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला आमच्या हॉफमनला डॉजर्सच्या रोहासने होमरन मारला, त्यासाठी मात्र मी श्नायडर यांना दोष देणार नाही. तिथे क्लोजरच हवा होता, तोच होता.

एडिसन, न्यू जर्सी

इथे मोठ्या मैदानांच्या गोष्टी चालल्यात, माझी गल्लीतली आहे. मी जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळले, पिचर होते. आता मुलाच्या लिटल लीग (लहान मुलांच्या बेसबॉल) टीमची मॅनेजर आहे. तो बारा वर्षांचा, पिचर.

लिटल लीगमध्ये चेंडूंचे नियम पक्के असतात. त्याच्या वयाला दिवसाला 85 चेंडू, त्यावर नाही. 66 किंवा जास्त झाले की चार दिवस विश्रांती, 51 ते 65 ला थांबलात तर तीन. माझ्या हातात एक छोटा क्लिकर असतो, प्रत्येक चेंडूला अंगठ्याने टक करायचं. मे महिन्यात उपांत्य सामन्यात आम्ही 3-2 पुढे होतो, पाचवी इनिंग, क्लिकरवर 58. नियमाने अजून 27 चेंडू शिल्लक. पण मला दिसलं की चेंडू टाकून झाल्यावर तो हात खाली सोडतोय आणि बोटं झटकतोय. पूर्वी झटकत नव्हता. मी गेले. विचारलं, दुखतंय का? "नाही आई." टीममध्ये तो मला कोच म्हणतो, हे आमचं ठरलेलं आहे. त्या दिवशी आई म्हणाला.

मी चेंडू मागितला. त्याने हातमोज्यात तसाच दाबून धरला. पालकांमधून कुणीतरी ओरडलं, राहू दे ना त्याला. मग त्याने चेंडू दिला आणि शॉर्टस्टॉपला (क्षेत्ररक्षणाच्या जागेवर) न जाता सरळ बाकावर जाऊन बसला. नवीन मुलाने दोन वॉक दिले, एक फटका गेला, 4-3 ने हरलो. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. रात्री तो पाठीवर झोपला होता, उजवा कोपर उशीवर ठेवून. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं तर तीन आठवडे चेंडू हातात घ्यायचा नाही म्हणाले.

बॉस्टनच्या दादांनी लिहिलंय, पिचर हो शिवाय काय म्हणणार. खरं आहे. मी त्याला पुन्हाही विचारीन, पण उत्तर ऐकताना बोटांकडे बघेन.

त्या तीन आठवड्यांत तो बाकावर बसायचा. पहिल्याच सामन्यात त्याने माझ्याकडून क्लिकर मागून घेतला. दुसरा मुलगा टाकत होता आणि हा प्रत्येक चेंडूला टक करत होता. साठ झाले तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.