मदत हवी आहे : यजमानांना स्वयंपाक शिकवायचा आहे, पण ते मनावर घेत नाहीत

कृष्णतुळस

माझ्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. त्यानंतर दीड महिना पीठ मळणे, कुकर उचलणे, विळीवर चिरणे यांपैकी काहीही करायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. घरात आम्ही दोघेच असतो. यजमानांना आजवर चहापलीकडे काही करण्याची वेळ आली नाही, आणि आता शिकून घ्या म्हटले की ते विषय बदलतात. फारच आग्रह धरला तर 'बघू' म्हणून वर्तमानपत्र उघडतात. मला भांडण नको आहे, मार्ग हवा आहे. ज्यांनी आपल्या जोडीदाराला उतारवयात स्वयंपाक शिकवला आहे, त्यांनी सुरुवात कोठून करावी ते सांगावे. डबा लावा किंवा बाई ठेवा, हे सल्ले कृपया देऊ नयेत.

ओसरी

ताई, एवढ्यावरून काही सांगणे कठीण आहे. यजमानांचे वय काय, प्रकृती कशी आहे, रोजचे जेवण कोणत्या पद्धतीचे आहे आणि ते नेमके कशाला नाही म्हणतात, हे आधी कळायला हवे. कोणाला चिरण्याचा कंटाळा असतो, कोणाला गॅसची धास्ती वाटते, कोणाला शेजारी काय म्हणतील याचा संकोच असतो. प्रत्येकाला वेगळ्या रीतीने समजवावे लागते.

रानजाई

तुम्ही नको म्हटले आहे, तरीही लिहिते. दीड महिन्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी? आमच्याकडे सासूबाई आजारी असताना आम्ही डबा लावला होता आणि सर्वांचे व्यवस्थित निभावले.

पाणवठा

विजेवर चालणारा भाताचा कुकर घ्यावा. तांदूळ आणि पाणी मोजून घातले आणि बटण दाबले की काम संपते. भात शिजल्यावर तो आपोआप उबेवर जातो, त्यामुळे समोर उभे राहावे लागत नाही.

कृष्णतुळस

यजमान ६६ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि जेवणाआधीची गोळी चालू आहे. दुपारी साडेबारा आणि रात्री आठ, या वेळा चुकवायच्या नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. डबा मी अर्थातच आधी पाहिला. तो दीडच्या सुमारास येतो, भाजीवर तेलाचा तवंग असतो आणि भात जास्त असतो. स्वयंपाकाला येऊ शकणाऱ्या बाई फक्त सकाळी येतील, म्हणजे रात्रीचा प्रश्न उरतोच. पाणवठा, आमच्याकडे भात दुपारी चार घास असतो, मुख्य जेवण भाकरीचे. आम्ही मंगळवेढ्याचे आहोत.

औषधपेटी

ही माहिती पहिल्याच संदेशात यायला हवी होती, कारण ती सर्वांत महत्त्वाची आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, घेतल्यावर जेवण लांबले तर रक्तातील साखर फार उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच साखरेचे पाणी किंवा ग्लुकोज द्यावे लागते. स्वयंपाक नवखा माणूस करणार असेल, तर जेवण पानात येईपर्यंत गोळी घेऊ नये का, हे तुमच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवा. यजमानांशीही याच मुद्द्यावर बोला. शिकण्याचे कारण त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीत आहे.

मातीची चूल

मंगळवेढा म्हणजे मालदांडी ज्वारीचे गाव; तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तेव्हा भाकरीविषयी थोडे सविस्तर लिहितो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळावे. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुगतो आणि भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. दळून फार दिवस झालेल्या पिठाची जिगट जाते, म्हणून आठवड्यापुरतेच दळण आणावे. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटावी.

ओसरी

मातीची चूल, भाकरी कशी करावी हे ताईंनी विचारलेलेच नाही. भाकरी करण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले असेल. नवख्या माणसाला पहिल्याच आठवड्यात भाकरी थापायला बसवले, तर तो पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही.

मातीची चूल

मग मंगळवेढ्याच्या माणसाने विकतची भाकरी खायची काय?

सोलापुरी चादर

हो, खुशाल खावी. सोलापूर भागात कडक भाकरी घरोघरी होते आणि विकतही मिळते. ओलावा पूर्ण निघून गेलेला असल्याने ती बरेच दिवस टिकते आणि आमटीत कुस्करली की पोटभरीचे जेवण होते. मऊ भाकरीसाठी ओळखीतल्या कोणाकडून रोज चार भाकऱ्यांची सोय होते का ते पाहावे. यजमानांनी फक्त आमटी, भाजी आणि पिठले शिकावे. यात कमीपणा कसला?

ताई, एक विचारतो. यजमान नोकरीत कोणत्या कामावर होते?

कृष्णतुळस

भूमी अभिलेख खात्यात भूमापक होते. जमिनी मोजण्यात त्यांची हयात गेली. पण त्याचा इथे काय संबंध?

सोलापुरी चादर

मला वाटते, सगळा संबंध तिथेच आहे. मी स्वतः पत्नीच्या आजारपणात वयाच्या साठीनंतर शिकलो. माझी अडचण आळसाची नव्हती. 'अंदाजाने मीठ टाका', 'तेल तापले की मोहरी घाला', 'शिजले की उतरवा' या सूचना मला काहीच सांगत नव्हत्या. अंदाज हा चाळीस वर्षांच्या सवयीने हाताला येतो. ज्याच्या हाताला ती सवय नाही, त्याच्यापुढे तो शब्द ठेवला की तो ओशाळतो आणि मग 'बघू' म्हणतो. आयुष्यभर काटेकोर मोजणी केलेल्या माणसाला तर हे अधिकच खुपत असणार. त्यांना मापे द्या.

एक वाटी आणि एक छोटा चमचा कायमचा ठरवा आणि घरातल्या इतर वाट्या त्या कामाला वापरू नका. मुगाच्या खिचडीला अर्धी वाटी तांदूळ, तेवढीच मुगाची डाळ, तीन वाट्या पाणी, पाऊण चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि कुकरच्या तीन शिट्ट्या. पिठल्याला अर्धी वाटी बेसन आणि दीड वाटी पाणी. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. फोडणीची कसोटी अशी की तेलात मोहरीचा एकच दाणा टाकावा. तो तळाशी नुसता पडून राहिला तर थांबावे, लगेच तडतडून वर आला तर उरलेली मोहरी घालावी. मोहरी फुटायची थांबली की जिरे, हिंग, कढीपत्ता, आणि हळद अगदी शेवटी, कारण ती चटकन करपते. मी पहिल्यांदा तो दाणा उडताना पाहिला, तेव्हा तेल तापणे म्हणजे काय ते मला समजले. त्याआधी पत्नीने दहा वेळा सांगूनही समजले नव्हते.

रानजाई

पण मधुमेहाच्या माणसाला खिचडी कशी चालेल?

औषधपेटी

डाळ आणि तांदूळ समप्रमाणात घेतले, सोबत पालेभाजी किंवा काकडीची कोशिंबीर ठेवली आणि प्रमाण आवरले, तर एखाद्या वेळेला चालण्यासारखे आहे. रोज मात्र करू नये; आमटी, भाजी आणि भाकरी हेच त्यांचे खरे जेवण राहू द्यावे.

पाणवठा

कुकरच्या धास्तीवर कोणीच लिहिलेले नाही, म्हणून पुन्हा सांगतो, विजेचा कुकर सुरक्षित.

ओसरी

शिट्टीच्या कुकरची भीती समजून घेतली की जाते. आतल्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते आणि म्हणून डाळ लवकर शिजते. डाळ फेसाळते, तेव्हा कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, आणि डाळीत तेलाचे दोन थेंब घालावेत. झाकण लावण्याआधी शिट्टीखालची नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावी. त्यात कण अडकलेला असेल तर आधी काढावा. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. हे नियम लिहून ओट्यावर चिकटवा. आणि ताई, शस्त्रक्रियेनंतर कुकर लावायचा नसून आजपासून लावायचा आहे. तुमचा हात चालता आहे तोवर त्यांच्याकडून सर्व काही एकदा करून घ्या.

सोलापुरी चादर

ओसरी यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र ते करत असताना ताईंनी स्वयंपाकघरात उभे राहू नये. शेजारी जाणकार माणूस असला की नवखा माणूस स्वतः पाहत नाही, त्याच्या तोंडाकडे पाहतो.

ओसरी

पहिल्या दोन-तीन वेळा तरी उभे राहायलाच हवे. गॅस, उकळते तेल आणि ६६ वर्षांचा मधुमेही माणूस, यात एकटे सोडणे मला पटत नाही.

औषधपेटी

दाराबाहेर खुर्ची टाकून बसावे. हाक मारली की जाता येते आणि मध्ये बोलणेही टळते.

कृष्णतुळस

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री त्यांना गोळी आणि जेवणाची वेळ यांचे सांगितले. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आज सकाळी मात्र त्यांनी स्वतःच विचारले की आमटीला डाळ किती घेतेस. मी वाटी पुढे केली, तर त्यांनी ती पाण्याने भरून औषधाच्या मापाने मोजली आणि १५० मिलिलिटर असे वहीत लिहून ठेवले. अजून गॅसपाशी गेलेले नाहीत, पण मला एवढे पुरेसे वाटते. कडक भाकरीचे मी सांगून ठेवले आहे.

आता शेवटचा प्रश्न. शस्त्रक्रियेआधी मी शेंगदाण्याचे कूट आणि सुकी चटणी करून ठेवणार आहे. दीड महिन्याचे कूट एकदम केले तर टिकेल का?

मातीची चूल

एकदम करू नका. कूट केले की दाण्याचे तेल हवेला लागते आणि ते खवट होत जाते. उन्हाळ्यात तर फारच लवकर. शेंगदाणे भाजून, साले पाखडून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात अख्खेच ठेवा आणि यजमानांना आठवड्यापुरते मिक्सरमधून काढायला शिकवा. मिक्सर सलग फिरवू नये, थांबत थांबत फिरवावा. नाहीतर दाण्याला तेल सुटून त्याचा गोळा होतो. लसणाची सुकी चटणी लसूण चांगला परतून केली तर फ्रिजमध्ये बरीच टिकेल, फक्त तीत ओला चमचा जाऊ देऊ नये.

सोलापुरी चादर

आणि कुटाचेही माप लिहून ठेवा, ताई. पालेभाजीच्या एका जुडीला दोन मोठे चमचे.