बाळंतिणीचं रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल तर

'बाळंतिणी रडतातच, होईल आपोआप ठीक' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसाच्या आसपास सुरू होणारं रडू, चिडचिड साधारण २ आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकलं, किंवा बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांकडे एडिनबरो प्रश्नावली (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला वापरतात ती) भरून घ्या. १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' सोडून काहीही आलं, तर गुणांची बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भास होत असतील, ती भलतंच बोलत असेल तर थेट इस्पितळ.

आणि घरच्यांनो, 'काही लागलं तर सांग' याचा उपयोग शून्य. सांगायचंही त्राण नसतं तिला. त्यापेक्षा रात्रीची एक पाळी घ्या. ९ वाजता अंगावर पाजून झालं की ती दुसऱ्या खोलीत झोपेल; लंगोट, ढेकर आणि मधलं एक दूध (आधी काढून ठेवलेलं) तुमच्याकडे. सलग ४-५ तास मिळाले तरी खूप फरक पडतो. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याहून लांबवू नका, स्तन दगडासारखे होतात. झालेच, तर हाताने आराम पडेल इतकंच दूध काढा. दर वेळी पूर्ण रिकामे केले तर शरीर आणखी दूध बनवतं.