मेसन-डिक्सन रेषेचा पहिला दगड नक्की कोणता?

कोयनाकाठ:
डेलावेअरमध्ये न्यूअर्कला राहतो. बाबा दोन महिन्यांसाठी आलेत. तीस वर्षं मोजणीदार म्हणून सातारा जिल्हा पायाखाली घातलेला माणूस. नायगारा दाखवला तर म्हणाले, "पाणी आहे भरपूर." पण पेन आणि कॅल्व्हर्ट या दोन जमीनदार घराण्यांचं हद्दीचं भांडण मिटवायला १७६३ साली इंग्लंडहून मेसन आणि डिक्सन हे दोन मोजणीदार आले होते आणि त्यांची रेषा आपल्या घराजवळच सुरू होते, असं सांगितल्यावर चहा अर्धा टाकून उठले.

व्हाइट क्ले क्रीक पार्कात ब्रायन्स फील्ड नावाची पायवाट आहे. मेसन-डिक्सननी १७६४ मध्ये त्या भागात, ब्रायन नावाच्या शेतकऱ्याच्या रानात, एक खांब रोवून त्यावर 'पश्चिम' असं कोरलं. तिथून १७६५ च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया-मेरीलँडची हद्द आखत ते निघाले. खांबाच्या जागी आता दगड आहे. दोन वेळा वाट चुकून, चिखलात बूट घालवून आम्ही तो गाठला. मी फोटोसाठी फोन काढतोय तर बाबा म्हणतात, "हा निघायचा दगड झाला. पण इथे आले कुठून? मोजणी मधूनच सुरू होत नाही. मागे पक्की खूण असणार, ती दाखव."

आता काय दाखवू? कुणी गेलंय का?

फिलीकर:
बाबांना माझा नमस्कार सांगा, अचूक बोट ठेवलंय. पेन-कॅल्व्हर्टच्या करारात अट होती की हद्द फिलाडेल्फिया शहराच्या अगदी दक्षिण टोकाच्या खाली १५ मैलांवर हवी. म्हणून आधी ते टोक ठरवलं. सीडर स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या साउथ स्ट्रीटवरच्या, एका घराची उत्तरेकडची भिंत. जवळच तात्पुरती वेधशाळा उभारून ताऱ्यांवरून अक्षांश काढला: ३९ अंश, ५६ मिनिटं, २९.१ सेकंद. तर तुमच्या बाबांचं मागचं टोक म्हणजे एक भिंत! ते घर आता नाही. त्या बाजूनं महामार्ग ९५ गेलाय.

पण तिथून सरळ दक्षिणेला मोजत गेलं की डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत शिरावं लागतं. म्हणून गडी आधी ३१ मैल पश्चिमेला गेले, साधारण त्याच अक्षांशावर, हार्लन नावाच्या शेतकऱ्याच्या वाडीवर. तिथे त्यांनी जो दगड रोवला तो अजून आहे. एम्ब्रीव्हिलजवळ, स्टारगेझर्स रोडवर. रात्र-रात्र आकाशाकडे बघत बसतात म्हणून आसपासचे लोक त्यांना 'तारे बघणारे' म्हणायचे, त्यावरून दगडाचं नाव पडलं. तिथून १५ मैल दक्षिणेला तुमचा खांब.

मोजमाप:
थोडी भर. त्यांच्याकडे जॉन बर्डनं बनवलेलं सहा फुटी यंत्र होतं. तारा डोक्यावरून जाताना उताणं झोपून वाचन घ्यायचं, आणि सगळी भिस्त ओळंब्यावर. पुढची पश्चिम रेषाही दिसते तितकी सरळ नाही. अक्षांशाची रेषा पृथ्वीवर वाकत जाते. म्हणून ते साधारण बारा-बारा मैलांचे सरळ तुकडे आखायचे आणि प्रत्येक तुकड्यावर थोडं बाजूला सरकून खरी जागा काढायचे. असं २३३ मैल गेले. १७६७ च्या ऑक्टोबरमध्ये सोबतच्या मोहॉक या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी पुढे यायला नकार दिला, तिथे काम थांबलं.

कोयनाकाठ:
जाऊन आलो! फिलीकर, तुमच्यामुळे शनिवार सत्कारणी लागला.

एम्ब्रीव्हिलच्या रस्त्यानं दोनदा पुढे गेलो. गाडी कडेला लावून चालत गेल्यावर एक बुटकी दगडी भिंत दिसली, १९०८ मध्ये बांधलेली. आत तो दगड. गुडघ्याएवढा, ओबडधोबड. आमच्या शिवेवर असे शंभर सापडतील. मी जरा हिरमुसलो. बाबा मात्र भिंतीवर हात टेकून दहा मिनिटं उभे. मग विचारलं, "साखळी किती फुटांची होती?" ६६, मी म्हटलं. "म्हणजे आपली दुप्पट. आपली शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. आपला गुंठा ३३ बाय ३३ असतो तो काय उगाच?" मग तिथेच मनातल्या मनात हिशेब: मैलाला ८० साखळ्या, १५ मैलांच्या बाराशे. "बाराशे वेळा साखळी टाकायची, तीही झाडं तोडत, चढउतारावर. एक साखळी मोजायची राहिली की ६६ फूट गेले. आमच्याकडे हातभर बांधासाठी लोक कोर्टात जातात."

परतताना गाडीत गप्प होते. मला वाटलं दमले. घर आल्यावर म्हणतात, "ती भिंत बघायची राहिली."

मी म्हटलं, बाबा, भिंत पाडली, घरही नाही.

"घर नसेल. जागा तर तिथेच असेल ना?"

तर फिलीकर, रविवारी सकाळी साउथ स्ट्रीटच्या नदीकडच्या टोकाला पार्किंग मिळतं का? ज्येष्ठ नागरिक सोबत आहेत, फार चालवायचं नाही. म्हणजे मलाच झेपत नाही, त्यांचं काही नाही.

फिलीकर:
आठच्या आधी आलात तर मिळेल. मीही येतो. थर्मास आणतो.