मदत हवी आहे : शाळेतील संगणक आणि इंटरनेटची पाहणी नेमकी कशी करावी?

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. शाळेतील संगणक व इंटरनेटची स्थिती तपासून ती शाळा विकास आराखड्यात मांडण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले आहे. यू-डायस प्लस या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीमध्ये संगणकांची संख्या आणि इंटरनेटची उपलब्धता नोंदवली जाते. परंतु एका मुलाच्या हाती आठवड्यातून किती वेळ संगणक येतो हे त्यातून कळत नाही, आणि माझ्या मते मोजायला हवे ते हेच.

राउटर मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. संगणक कक्षापर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की एकाच पडद्यावर धडा उघडतो आणि मागे उभी असलेली मुले टाचा उंचावून पाहत राहतात. अशा वेळी इंटरनेटचा वेग कोठे, कोणत्या वेळी आणि किती संगणक एकाच वेळी जोडून मोजावा?

दुसरा प्रश्न जुन्या यंत्रांचा आहे. बहुतेकांवर विंडोज १० असून मायक्रोसॉफ्टने तिचा नियमित आधार (सुरक्षा सुधारणा पुरवणे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. केवळ सुरू होतात म्हणून ही यंत्रे सुस्थितीत धरावीत, की विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली बसवून आधी चाचणी घ्यावी? वीजपुरवठा आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांची नोंदही याच पाहणीत घ्यावी, असे मला वाटते.

ज्या शिक्षकांनी किंवा समिती सदस्यांनी अशी पाहणी केली आहे, त्यांनी आपल्या नोंदीचा नमुना कृपया येथे द्यावा.