गायरानावरची चराईबंदी तीन वर्षे टिकली. आता मेंढपाळांच्या बाबतीत समितीने काय करावे?

पांझराकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव साक्री तालुक्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. गावालगतच्या टेकड्यांचा खालचा उतार गायरान म्हणून नोंदलेला असून माथ्याकडचा भाग वनजमीन आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी ग्रामसभेने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव केला व अंमलबजावणीसाठी आम्हा स्वयंसेवकांची समिती नेमली. त्याआधी आम्ही धुळे तालुक्यातील लामकानी येथे जाऊन आलो होतो. उघड्या पडलेल्या माळाला लोकांनी केवळ राखण करून पुन्हा गवत आणले, हे प्रत्यक्ष पाहिल्यामुळेच आमच्या गावाची तयारी झाली, हे कृतज्ञतेने नमूद करतो.

परिणाम निश्चित दिसला. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी टोकदार कुसळांचे कुसळी गवत आणि तरोट्याचे तणच उगवले, परंतु दुसऱ्या पावसाळ्यात सलग समतल चरांच्या (पाणी मुरवण्यासाठी उताराला आडवे खोदलेल्या चरांच्या) खालच्या बाजूला मारवेल हे चांगल्या चाऱ्याचे गवत दिसू लागले आणि यंदा काही उतारांवर पवन्या हे तसेच चांगले गवत कमरेला लागते आहे. वर्षानुवर्षे तोडले गेलेले अंजनाचे बुंधे सर्व बाजूंनी फुटले आहेत. ओढ्याचे पाणीही पूर्वीपेक्षा अधिक दिवस टिकते.

अडचण मेंढ्यांची आहे. आमच्या शिवारात ठेलारी या मेंढपाळ समाजाची कुटुंबे पिढ्यानपिढ्या येतात. पीक निघाल्यावर खतासाठी शेतात मेंढ्या बसवाव्यात म्हणून गावातील शेतकरीच त्यांना बोलावतात. यंदा श्रावणात रात्रीच्या वेळी एक कळप बंद क्षेत्रात शिरला, राखणदाराने तो अडवला आणि समितीने ठरावाप्रमाणे दंड सांगितला. तेव्हा त्या कुटुंबातील वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आमच्या आजोबांपासून या डोंगरावर आमचा कळप चरतो. तुम्ही ठराव केला, त्या सभेला आम्हाला कोणी बोलावले होते का?" समितीतील कोणाजवळही त्याचे उत्तर नव्हते. दंड वसूल झाला नाही, आणि तेव्हापासून समितीत दोन तट पडले आहेत.

त्यातच राखणदाराचे मानधन थकले आहे. सुरुवातीला प्रत्येक घर वर्गणी देत होते. गवत आल्यावर मात्र ज्यांच्याकडे जनावरे नाहीत त्यांनी हात आखडता घेतला. शिवाय त्याच उतारावर मोठ्या प्रमाणावर वृक्षारोपण करून देण्याचा एका दात्याचा प्रस्ताव आला आहे. येत्या ग्रामसभेत या सर्वांवर निर्णय व्हावयाचा आहे. बंदी उठवावी, तशीच चालू ठेवावी, की काही मधला मार्ग आहे? आणि दंड करण्याचा आमच्यासारख्या समितीला मुळात अधिकार आहे का?

मारवेल

मी जळगाव जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून गवतापुरतेच लिहितो.

बंदी ही गवताला उसंत देण्यासाठी असते. अतिचराईने थकलेल्या माळाला सुरुवातीची काही वर्षे पूर्ण विश्रांती लागतेच, कारण चांगल्या जातींचे बी जमिनीत उरलेले नसते आणि मुळे अशक्त झालेली असतात. मात्र माळ भरल्यानंतरही वर्षानुवर्षे काहीच कापले किंवा चारले नाही, तर वाळलेल्या गवताचा थर साचतो, नवीन फुटव्याला ऊन मिळत नाही आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने सगळा उतार जळतो. आपल्या भागात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. त्याआधी आपल्या समितीने जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) काढल्या आहेत का, याचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही. नसतील तर बाकी सर्व चर्चेच्या आधी ते काम हाती घ्यावे.

आता मेंढ्यांविषयी. कुसळी फुलोऱ्यावर येण्यापूर्वी कोवळी असते आणि मेंढ्या ती आवडीने खातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिची कुसळे पक्व झाली की तीच लोकरीत अडकतात, कातडीत शिरतात आणि तोंडाला जखमा करतात. म्हणजे जेथे कुसळी माजली आहे, तेथे पावसाळ्याच्या पूर्वार्धात मेंढ्या घातल्या, तर मेंढपाळाला चारा मिळतो आणि कुसळीचे बी पडणेही कमी होते. याउलट पवन्या आणि मारवेल असलेल्या उतारावर बी झडेपर्यंत कोणतेही जनावर जाऊ नये. नंतर विळ्याने कापून गवत घरी न्यावे. मेंढी गवत जमिनीलगत कुरतडते, त्यामुळे बी धरण्याच्या दिवसांत तिचा उपद्रव अधिक होतो. चरांच्या भरावावर आणि तीव्र उतारावर, विशेषतः जमीन ओली असताना, तिला कधीच सोडू नये.

तेव्हा क्षेत्राचे चार भाग पाडावेत. त्यांतील एक भाग दरवर्षी पाळीपाळीने पूर्ण बंद ठेवावा आणि उरलेल्यांत कोणत्या भागात कधी कापणी व कधी चराई, हे गवताची जात पाहून ठरवावे. फेरपालटाची ही चराई कुरणशास्त्रात जुनी व मान्य पद्धत आहे.

वृक्षारोपणाच्या प्रस्तावाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. गवताळ माळ ही ओसाड जागा नव्हे. धाविक, चंडोल, खोकड हे मोकळ्या माळावरचेच जीव आहेत. दाट खड्डे घेतले की तीन वर्षांत जमलेली मुळे उखडली जातात, आणि पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात बाहेरून आणलेली रोपे जगवण्यासाठी टँकर लावावे लागतात. आपले अंजन आपोआप फुटले आहे, तेच जपावे. प्रत्येक बुंध्यावरचे दोन-तीन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढले, तर काही वर्षांत झाडे उभी राहतील, आणि ऐन उन्हाळ्यात त्यांचा पाला जनावरांना उपयोगी पडेल. दात्याला राखणदाराचे मानधन किंवा जाळरेषांचा खर्च उचलण्याची विनंती करून पाहावी.

सातपुडा पायथा

दंडाविषयी आपण विचारले आहे. केवळ स्वयंसेवकांच्या समितीला कायद्याने दंड वसूल करता येत नाही. लोक मान्य करतात तोवर तो चालतो, आणि एकाने नाकारला की समितीच्या हाती काही उरत नाही. म्हणून समितीला आधार कोणता, हे आधी ठरवावे. आपल्याकडे दोन प्रकारच्या जमिनी आहेत, त्यामुळे उत्तरेही दोन आहेत.

गायरान ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेखाली असते. सार्वजनिक गायराने राखली जावीत आणि त्यांवरील अतिक्रमणे हटवावीत, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात दिलेला आहे. येथे आपल्या समितीला जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ खालील जैवविविधता व्यवस्थापन समितीचा आधार घेता येईल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रत्येक स्थानिक संस्थेत अशी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (स्थानिक वनस्पती-प्राण्यांची नोंद) असावी यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. त्यामुळे आपल्या ग्रामपंचायतीच्या दप्तरातही ती समिती बहुधा कागदोपत्री असेल. ग्रामसेवकांकडून तिची नावे मागवून पाहा. प्रत्यक्ष काम करणारी माणसे एकीकडे आणि कायदेशीर नावे दुसरीकडे, अशी स्थिती मी अनेक गावांत पाहिली आहे. ती ग्रामसभेत एकत्र आणावीत. व्यापारी हेतूने जैविक संपत्ती गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याची तरतूद त्याच कलमात आहे, आणि स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद कलम ४३ मध्ये आहे.

माथ्याकडच्या वनजमिनीसाठी वनहक्क कायदा, २००६ पाहावा. कलम ३(१)(झ) प्रमाणे ग्रामसभेला सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मागता येतो. त्यासाठी नमुना 'ग' मध्ये दावा दाखल करावा लागतो. हक्क मान्य झाल्यावर नियम ४(१)(ङ) खालील समिती ग्रामसभेच्या वतीने कारभार पाहते. गावात बिगर आदिवासी कुटुंबे असतील, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडावा लागेल.

मात्र याच कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायी तसेच भटक्या पशुपालकांची चराई आणि हंगामी वापर हाही हक्क म्हणून लिहिलेला आहे. म्हणजे ज्या कायद्याच्या बळावर आपण डोंगर राखू पाहता, त्याच कायद्याने त्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणेही ऐकून घेणे भाग आहे. नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या भागात ज्या ग्रामसभांनी शेजारच्या पाड्यांना आधी बोलावून सीमा व वहिवाट लिहून घेतली, त्यांची राखण निर्वेध चालली. ज्यांनी नंतर बोलावले, त्यांना प्रत्येक हंगामात भांडणे सोडवावी लागली.

कान नदी

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. तीन वर्षे हा काळ फार अपुरा आहे. एकदा मेंढ्यांना वाट दिली की गावातील गाई-बैल आणि शेळ्याही त्याच वाटेने जातील, आणि "त्यांना परवानगी, मग आम्हाला का नाही" या प्रश्नाला समिती तोंड देऊ शकणार नाही. आणखी दोन पावसाळे पूर्ण बंदी ठेवावी. एखादे वर्ष दुष्काळाचे गेले, तर राखलेले गवत हाच गावाचा शेवटचा आधार असेल.

मोहफूल

मी महिला बचत गटात काम करते. या चर्चेत शेळीचा उल्लेख आता कोठे ओझरता आला, म्हणून लिहिते आहे.

ज्यांच्या घरी बैलजोडी किंवा म्हैस आहे, ते बंदीनंतर गवत कापून गोठ्यात आणू शकतात. भूमिहीन बाईकडे दोन शेळ्या असतात आणि गोठा नसतो. शेळी बांधून पोसायची, तर दिवसभर मजुरी करून आल्यावर तिने पाला आणायला केव्हा जायचे? आमच्या गावात बंदी झाली तेव्हा पहिल्याच वर्षी अशा काही घरांनी शेळ्या विकल्या. ठराव एकमताने झाला असे इतिवृत्तात लिहिले गेले, पण सभा सकाळी अकराला होती आणि त्या वेळी त्या बाया कापूस वेचायला गेल्या होत्या.

पुढे गवत कापण्याचे पास देताना पहिला हक्क भूमिहीन आणि एकट्या बायकांना दिला गेला. एका पासावर एक विळा आणि डोक्यावरून नेता येईल एवढा एक भारा, असा साधा नियम होता. ज्यांना स्वतःला गवत नको होते, त्यांनी भारा गावातच दूध काढणाऱ्यांना विकला. त्यानंतर डोंगरावर कोण शिरले याची बातमी राखणदाराआधी त्या बायांकडून येऊ लागली. कान नदी यांनी म्हटल्याप्रमाणे बंदी वाढवायची असेल, तर वाढवा; पण ज्या घरांवर तिचा भार पडतो, त्यांची यादी त्या दिवशी सभेत वाचून दाखवा आणि सभा संध्याकाळी ठेवा.

फडबागायत

मानधनाच्या प्रश्नावर एक सुचवावेसे वाटते. आपण पांझरेच्या खोऱ्यातील आहात, तेव्हा फड पद्धत आपल्याला परकी नाही. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी शेतकऱ्यांनीच वाटून घेतले. पाणी देणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या यांचा मोबदला फडातील लाभधारकच देत असत. कोणाच्या शेतात पाणी आधी जाईल हे पाटकऱ्याच्या हाती असे, शेतमालकाच्या नव्हे, हे त्या व्यवस्थेचे खरे बळ होते.

आपल्या राखणदाराला सरसकट घरटी वर्गणीतून पैसे देण्याऐवजी गवताच्या पासाची रक्कम आणि मेंढपाळांचे चराई शुल्क यांतून द्यावेत. ज्याला लाभ, त्याच्यावर भार, एवढे स्पष्ट असले की वसुलीसाठी दारोदार फिरावे लागत नाही. हिशेब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, त्यात कोणाला सूट दिली तेही लिहावे.

पांझराकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल समितीची बैठक झाली. जैवविविधता व्यवस्थापन समिती आमच्या दप्तरात खरोखरच निघाली. तिच्या सदस्यांपैकी दोघांना आपण सदस्य असल्याचे ठाऊक नव्हते. तिची पुनर्रचना करण्याचा विषय ग्रामसभेपुढे ठेवत आहोत आणि तीत ठेलारी कुटुंबांच्या प्रतिनिधीला, तसेच बचत गटाच्या महिलांना घेण्याची शिफारस करत आहोत. हे नियमांत कोठवर बसते, याची खातरजमा ग्रामसेवक करून देणार आहेत. सदस्यत्व देता आले नाही, तरी समितीच्या प्रत्येक बैठकीला ते कायम निमंत्रित राहतील.

कान नदी यांचा आग्रह आम्ही अंशतः स्वीकारला आहे. माथ्याकडचा भाग आणि चरांचा पट्टा पुढील दोन पावसाळे पूर्ण बंद राहील. गायरानाच्या पश्चिमेकडील कुसळीच्या उतारावर मात्र आषाढापासून नारळी पौर्णिमेपर्यंत ठरावीक कळपांना शुल्क घेऊन सोडावे, असा प्रस्ताव आहे. दात्याला मारवेल यांचे म्हणणे कळवले असून जाळरेषांच्या खर्चाबाबत त्यांनी विचार करण्याचे मान्य केले आहे. सभा संध्याकाळी सातला घेण्याचे सरपंचांनी कबूल केले आहे. आज संध्याकाळी आम्ही तिघे त्या वृद्ध गृहस्थांच्या वाड्यावर, म्हणजे कळपाच्या मुक्कामावर, जाऊन सभेचे निमंत्रण देणार आहोत.

एक शंका उरते. कळपातील मेंढ्यांची संख्या कशी ठरवावी? उतार लहान आहे आणि कळप तीन आहेत.

मारवेल

संख्या आधी कागदावर ठरवू नका. सोडायच्या आदल्या दिवशी त्या उतारावर पाच-सहा ठिकाणी प्रत्येकी एक मीटर लांब-रुंद चौकट आखून त्यातले गवत कापा, तोला आणि सरासरी काढून एकूण चाऱ्याचा अंदाज बांधा. त्यातील निम्मा चारा जमिनीवर राहू द्यायचा, हे मेंढपाळांसमोरच ठरवा, आणि वजन करताना त्यांना सोबत घ्या. उरलेल्या निम्म्यात तीन कळप किती दिवस भागतील, हे ते आपल्यापेक्षा अचूक सांगतील. एखाद्या कोपऱ्यात एक चौकट काट्यांचे कुंपण घालून तशीच राखून ठेवा, म्हणजे हंगाम संपल्यावर आत-बाहेरचे गवत शेजारी ठेवून सर्वांना पाहता येईल आणि पुढील वर्षीची संख्या त्यावरून ठरवता येईल.