ग्रामसभा सह्यांपुरती उरली आहे. सुरुवात कुठून करू?

बांधावरून यांचा प्रश्न

मंडळी, राम राम.

दीड वर्षापूर्वी शहरातली नोकरी सोडून गावी आलो. थोडं डाळिंब, दोन म्हशी, आई-वडील. गाव दुष्काळी पट्ट्यातलं, मतदार साधारण 1,150.

15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. वेळेवर जाऊन बसलो. सरपंच, भाऊसाहेब (पंचायतीचे सचिव), शिपाई, पाच सदस्य आणि आम्ही नऊ जण. अर्धा तास वाट बघितली, कोरम (लागते तेवढी हजेरी) नाही म्हणून सभा तहकूब. नंतर तहकूब सभा झाली म्हणे. ती कधी झाली ते मला कळलंच नाही. मग एका संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला. आई भाकरी थापत होती. "कशाची सही?" म्हणून तिनं विचारलं, तो म्हणाला, "ग्रामसभेची." तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि सही केली. मी पान उलटून बघितलं. वर तारीख होती, खाली सह्या होत्या, मधली जागा कोरी होती.

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आमच्या पंचायतीची कामं उघडून बघितली. खालच्या वस्तीतलं बंदिस्त गटार 'पूर्ण' दाखवलंय. मी आणि शेजारचा पोरगा टेप घेऊन गेलो. शाळेच्या कोपऱ्यापासून 62 मीटरपर्यंत पाइप आहे, पुढे उघडी चारी. चारीच्या शेवटी एका म्हातारीचं घर आहे, तिच्या उंबऱ्याला सांडपाणी लागतं. तिनं दारात दोन विटा ठेवल्यात, त्यावर पाय ठेवून ये-जा करते.

मला सरळ जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची आहे. वडील म्हणतात, "तुझं खरं आहे. पण उद्या डीपी जळाली की ह्याच माणसांना गाडीत घालून वायरमनकडे जावं लागतं." त्यांचंही खोटं नाही. भावकीतलेच दोघे सदस्य आहेत.

माहिती अधिकार टाकू, तक्रार करू, की ग्रामसभेतच बोलू? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

---

कागदपत्र यांचं उत्तर

आधी कागद मिळवा. तक्रार अर्धवट माहितीवर केली की "चौकशी करून कळवू" असं एक ओळीचं उत्तर येतं आणि विषय मिटतो.

माहिती अधिकाराच्या अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. "भ्रष्टाचार झाला आहे का" असलं काही विचारू नका, नुसती कागदांची नावं लिहा: त्या गटाराचं अंदाजपत्रक, कामाला मंजुरी देणाऱ्या ठरावाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, पूर्णत्वाचा दाखला, बिलाची प्रत. मोजमाप पुस्तिका सगळ्यात महत्त्वाची. किती मीटर मोजलं ते तिथे सहीनिशी लिहिलेलं असतं आणि तुमच्याकडे 62 चा आकडा आहेच.

उत्तराची मुदत 30 दिवस. आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. पोचपावती जपून ठेवा, तिच्याशिवाय अपिलात तोंड उघडता येत नाही.

---

माजी सदस्य, वॉर्ड 3 यांचं उत्तर

दादा, तुमच्या आईनं पिठाच्या हातानं सही केली ते वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसले. मीही अशाच सह्या केल्यात, त्याही सदस्य असताना.

महिला राखीव जागेवर निवडून आले तेव्हा मला ठराव कसा लिहितात हेही माहीत नव्हतं. पहिलं दीड वर्ष दाखवतील तिथे सही. एकदा बचत गटाच्या कामासाठी ठरावाची नक्कल हवी होती म्हणून प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं इतिवृत्त, मागून घेतलं आणि चाळत बसले. एका पानावर सगळ्यात शेवटी, सह्यांच्या अगदी वर, बारीक अक्षरात 'ऐनवेळचा विषय' लिहिलेला. रस्त्याच्या कामाचं बिल अदा करण्याचा ठराव. सूचक म्हणून माझं नाव. त्या सभेत मी हजर होते, शेवटपर्यंत बसले होते, आणि असा विषय तिथे निघालाच नव्हता. वरच्या ओळींची शाई निळी, ह्या चार ओळींची काळी. माझ्या हाताला घाम सुटला. कुणाला सांगावं, घरी तरी सांगावं का, रात्रभर कळेना.

तुम्ही पाहिलेली मधली कोरी जागा ही तीच जागा, दादा. तुमचं गटार तिथे पूर्ण होतं. म्हणून मी सांगेन, गटाराच्या आधी त्या पानाच्या मागे लागा.

दुसऱ्या महिन्यापासून मी एकच हट्ट धरला. सभा उठायच्या आधी ठराव तिथेच लिहायचा, मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि शेवटच्या ओळीखाली जी जागा उरते तिच्यावर तिरकी रेघ मारायची. मग सह्या. पहिल्यांदा म्हटल्यावर सरपंच हसले, "वहिनी, आमच्यावर भरवसा नाही का?" मी म्हटलं, भरवसा आहे, वाचून दाखवा. भाऊसाहेब म्हणाले, उशीर होतो, ऑफिसात जाऊन नीट लिहितो. म्हटलं, आम्ही थांबतो. थांबलोही, मी आणि आणखी दोघी. पावणेसातला वाचून झालं. तुम्ही भांडायला उठत नाही, कुणाचं नाव घेत नाही, फक्त ऐकून घेतल्याशिवाय सही करत नाही. ह्याला 'नाही' म्हणायला कुणाकडे कारण नसतं. वडिलांना हे सांगा, त्यांची काळजी थोडी हलकी होईल.

आता कोरमचं. 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. तुमच्या गावाला 100 माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणून काही ठिकाणी पहिली सभा मोडावी अशीच वाट बघतात. पण तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, हे ध्यानात ठेवा. विषयपत्रिकेत नसलेलं त्या पानावर दिसलं तर तिथेच विचारा. नोटीस सात दिवस आधी लागायला हवी, दवंडी द्यायला हवी. नोटिशीचा फोटो तारखेसकट काढून ठेवा.

100 माणसं आणायची कुठून? बायकांकडून. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. आमच्याकडे ती कागदावर व्हायची. मी चौकशी केली तर वेळ सकाळी अकराची, ऐन खुरपणीत. त्या वेळेला कोण येणार, रोज बुडवून? मग वेळ बदलून मागितली, बचत गटाच्या हप्त्याच्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, देवळात. पहिल्या सभेला 19 जणी आल्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि मागच्या वर्षीचा तो खर्च वाचून दाखवला. 'अंगणवाडी साहित्य' असं लिहिलं होतं. अंगणवाडीची मदतनीस मागे बसली होती. ती म्हणाली, "बाई, एक सतरंजी आली. तीही फाटकी." सगळ्या गप्प झाल्या. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला त्यातल्या 16 आल्या. कोपऱ्यात बसल्या, पण आल्या. एकीनंच विचारलं, सतरंजीचं. मी तोंड उघडलं नाही. त्या एका प्रश्नानं जेवढं हललं तेवढं माझ्या पाच अर्जांनी हललं नव्हतं.

वरच्या भाऊंनी सांगितलेला माहिती अधिकार जरूर टाका. पण तो कागद हातात आल्यावर जिल्ह्याला धावू नका. आधी त्या चारीकडेच्या घरांना दाखवा. म्हातारीला घेऊन सभेला जा, तिला पुढे बसवा.

---

दोन पॅनेल यांचं उत्तर

ताईंचं पटतं, पण सगळीकडे चालेल असं मला वाटत नाही. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार इथे पुढारपण करणारी माणसंच ग्रामसभेच्या बाजूनं उभी होती. आमच्या गावात दोन पॅनेल आहेत. एकानं गटार म्हटलं की दुसरा त्याच्या काळातली टाकी काढतो. ग्रामसभा म्हणजे नुसता आरडाओरडा, शहाणा माणूस मधूनच उठून घरी जातो. चार वर्षं मीही तेच केलं, त्याचं वाईट वाटतं.

आमचं काम शेवटी बाहेरूनच झालं. गटविकास अधिकाऱ्यांना लेखी दिलं, दोन महिने काही झालं नाही. मग जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाला गेलो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथे तारीख पडली आणि मोजमापाला माणूस आला. ही वाट लांबची आहे, पण बंद नाही. अर्जावर एकट्याची सही मात्र नको. आमच्या अर्जावर दोन्ही पॅनेलच्या घरांतल्या सह्या होत्या, म्हणून तो कुणा एकाचा राहिला नाही.

---

धानोऱ्याकडचा यांचं उत्तर

आमच्या भागातल्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. बाहेरचे लोक तेवढंच सांगतात. मला तिथला अभ्यास गट जास्त मोलाचा वाटतो. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही सर्वसहमतीनं, पण त्याच्या कितीतरी आधी माणसं बसून तो विषय समजून घेतात. अभ्यास गटात ठराव नसतो, मत नसतं, हरणं-जिंकणं नसतं.

पॅनेलवाल्या दादांसाठी म्हणून लिहिलं. तुमच्याकडचा आरडाओरडा होतो कारण माणसं विषय पहिल्यांदा सभेतच ऐकतात. दहा जण आठवड्यातून एकदा पारावर बसा. पोर्टलवरचा आराखडा मोबाइलवर उघडा आणि नुसता वाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, उरलेल्या 40 मध्येच गावाला निवड होती. हे कळल्यावर कितीतरी भांडणं आपोआप बाजूला पडतात.

---

बांधावरून पुन्हा

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण सांगण्यासारखं काही घडेपर्यंत थांबलो होतो.

माहिती अधिकाराचं उत्तर 34 व्या दिवशी आलं, अपील लिहून तयार ठेवलं होतं तेव्हा. मोजमाप पुस्तिकेत 140 मीटर आहे. कागद मी कुणालाही पाठवला नाही. ताईंनी सांगितलं तसं खालच्या वस्तीत नेला, म्हातारीच्या ओट्यावर बसून वाचला. आठ-दहा घरं जमली. टेप पुन्हा लावला, या वेळी त्यांनीच धरला.

पारावरची बैठक चार रविवार झाली. पहिल्या रविवारी आम्ही तिघं, चौथ्या रविवारी अकरा, त्यात भावकीतला एक सदस्यही. तो स्वतःहून आला. महिला सभेची वेळ बदलायला आईच पंचायतीत गेली. मी मागे लागलो नव्हतो. "माझी सही आहे त्या पानावर, मला ऐकायचंय काय लिहिलंय ते," एवढंच तिथे म्हणाली. सभेला 31 बायका होत्या.

26 जानेवारीला आम्ही दारात बसून डोकी मोजली. 88 झाली. कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली, तेव्हा फार वाईट वाटलं. पण माणसं उठली नाहीत. तहकूब सभेची तारीख आणि वेळ सगळ्यांसमोर सांगा, असा आग्रह धरला आणि ती फळ्यावर लिहून घेतली. त्या दिवशी 97 आले. गटाराचा विषय मूळ विषयपत्रिकेत घालून घेतला होता, त्यामुळे घ्यावाच लागला. म्हातारी पुढच्या रांगेत होती. ती फार बोलली नाही. "माझ्या दारापर्यंत आलंय म्हणता, मग मला का दिसत नाही?" एवढंच म्हणाली.

पुन्हा मोजणी करून उरलेलं काम पुरं करण्याचा ठराव झाला. पाइप अजून पडलेला नाही, विटा दारात आहेत. भावकीतली दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. वडील त्या दिवशी सभेला आले होते, मागे उभे होते.

भाऊसाहेबांनी ठराव वाचून दाखवला. खाली पाऊण पान कोरं होतं. मी रेघेचं म्हटल्यावर ते म्हणाले, पट्टी नाही. दारात उभ्या असलेल्या सातवीतल्या पोरीनं दप्तरातून पट्टी काढून दिली. रेघ मारली आणि मग आईनं सही केली.